गळ्यात की खिशात? पहिला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्याकडे अजून कॅमेरा नाही, पण आडनावापुढे 'फोटोग्राफी' लावून इन्स्टाग्रामवर खातं उघडून झालं आहे, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना खरोखर फोटो काढता येतात त्यांनी ती वाचू नये. त्यांचं मत बदलणार नाही, आणि ते मधेच डायनॅमिक रेंजचा विषय काढून बाकीच्यांचा हिरमोड करतील.

नवशिक्यासमोर दोन मार्ग असतात. एक, एंट्री-लेव्हल डीएसएलआर, म्हणजे कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००. दोन्ही २०१८ सालचे. कंपन्यांनी आपला मोर्चा आता मिररलेसकडे वळवला आहे आणि डी३५०० तर बंदच झाला, पण सेकंडहँड बाजारात तो मुबलक मिळतो. का मिळतो, ते शेवटी येईल. दुसरा मार्ग म्हणजे पाण्यात बुडवता येणारा, हातातून पडला तरी चालत राहणारा छोटा कॅमेरा. ऑलिम्पसचा टफ टीजी-६ हा २०१९ चा. पुढे ऑलिम्पसने कॅमेऱ्यांचा धंदा विकला आणि २०२३ मध्ये टीजी-७ आला तो 'ओएम सिस्टिम' या नावाने. दोन्ही मार्गांच्या किमती एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे 'परवडत नाही' हे आपलं नेहमीचं हुकमी कारण इथे चालत नाही. निर्णय घ्यावाच लागतो.

आरशाची चाचणी

निवडीची सुरुवात आरशासमोर करावी. फोटो कसले काढायचे आहेत, असला प्रश्न या टप्प्यावर मनात आणू नये. त्याने गोंधळ वाढतो. मित्राचा डीएसएलआर तासाभरासाठी मागून आणावा, गळ्यात अडकवावा आणि आरशात बघावं. कॅमेऱ्याचा पट्टा कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत छापूनच येतो, तो तसाच ठेवावा. साधा काळा पट्टा लावणारे लोक एक तर फार पुढे गेलेले असतात किंवा त्यांचा कॅमेरा आधी एकदा चोरीला गेलेला असतो.

मग टफ घ्यावा आणि खिशात घालावा. आरशात काहीच दिसत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा दोष. बाहेर काढला तर त्याहून वाईट, कारण लाल रंगातला टफ पाहून शेजारचं पोर 'मला खेळायला द्या' म्हणतं.

सामाजिक परिणामही ध्यानात घ्यावेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाटाच्या वळणावळणावर फोटोग्राफर दाटीवाटीने उभे असतात. डीएसएलआर असलेल्या माणसाला तिथे कुणी विचारत नाही की तू कोण. आपोआप जागा मिळते, पाण्याची बाटली मिळते, 'कुठल्या पेपरला?' असा आदरयुक्त प्रश्नही येतो. टफ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मागून आवाज येतो, "काका, जरा खाली बसता का, फ्रेममध्ये येताय." तो खाली बसतो आणि वारकऱ्यांच्या पायांच्या उंचीवरून चिखल, टाळ आणि अनवाणी पावलांचे फोटो घेतो. पण ते बरे आल्याचं त्याला कुणी सांगत नाही, कारण त्याच्याकडे कॅमेरा होता हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

थोडं शास्त्र, दुकानात मान डोलावण्यापुरतं

फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आपापल्या गावच्या दुकानात गेल्यावर दुकानदार 'मेगापिक्सेल' म्हणेल. १५००डीमध्ये २४, टफमध्ये १२. हा आकडा ऐकून मान डोलवावी आणि लगेच विसरावा. घरातल्या भिंतीवर लावायच्या फोटोला १२ पुरतात, आणि व्हॉट्सॲप दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो सारख्याच निष्ठुरपणे चेपतं.

खरा फरक सेन्सरचा. १५००डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि १४.९ मिमी उंच. टफचा जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर एकाचं सुमारे ३३० चौरस मिमी आणि दुसऱ्याचं २८. जवळजवळ बारापट. पावसात अंगणात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर तासाभराने कशात किती पाणी साठेल हे सांगायला फिजिक्स लागत नाही, प्रकाशाचंही तेच. म्हणून दिवेलागणीनंतर घरात टफने काढलेल्या फोटोत आजीचा चेहरा दाणेदार येतो. ते दाणे पुसायचं काम कॅमेरा स्वतःच करतो आणि त्यांच्याबरोबर सुरकुत्याही पुसून टाकतो. आजी खूश होते. बाकीचे, ही कोण, असं विचारतात.

बहुतेक सल्लागार इथे थांबतात. नवशिक्याने मात्र पुढचा हिशेब पाठच करावा, कारण तो ऐकून दुकानदारही क्षणभर गप्प होतो. टफची लेन्स रुंद टोकाला एफ/२ पर्यंत उघडते. डीएसएलआरच्या खोक्यात येणारी १८-५५ची किट लेन्स एफ/३.५ वर थांबते. या दोन आकड्यांत प्रकाशाचा फरक तिप्पट पडतो, आणि तो टफच्या बाजूने. म्हणजे बारापटीची आघाडी घसरून चारपटीवर येते. झूम पूर्ण पुढे नेला की दोघांचंही तोंड आवळतं, टफचं एफ/४.९ आणि किट लेन्सचं एफ/५.६, तिथे डीएसएलआर पुन्हा नऊपट पुढे. आणि त्याच डीएसएलआरला ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावली, की टफने मुकाट्याने खिशात परत जावं. मागचं सगळं धूसर, समोरचा डोळा लख्ख, बारशाचं बाळ थेट मासिकातलं. फक्त ती लेन्स खोक्यात नसते. जाहिरातीतला फोटो तिने काढलेला असतो आणि खोक्यात १८-५५ असते. या प्रकाराला 'किट' म्हणतात.

डीएसएलआरच्या डोक्यावर एक चक्री असते. तिच्यावर एम असं अक्षर आहे, हिरव्या रंगात ऑटोही आहे. चक्री ऑटोवर ठेवावी आणि कुणी विचारलं तर एम सांगावं. टफमध्ये ही सोय नाही. टीजी-६ला एम नाहीच, शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येत नाही. त्यामुळे खोटं बोलायलाही वाव राहत नाही. ज्यांना फोटोग्राफी खरोखर शिकायची आहे त्यांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, हे इथे गंभीरपणे नोंदवतो.

पाऊस

आपल्याकडचा नवशिक्या कॅमेरा घेतो दिवाळीच्या सेलमध्ये आणि वापरायला काढतो जुलैत. उन्हाळ्यात सह्याद्री पिवळा पडलेला असतो, हिवाळ्यात सगळे लग्नांत गुंतलेले असतात. सगळं सौंदर्य काय ते ताम्हिणीत, अंधारबनात, माळशेजला, आणि तेही नेमकं मुसळधार पावसात. अशा हवामानासाठी आपण जो डीएसएलआर घेतलेला असतो त्याला पाणी अडवणारं सीलिंग नसतं. ना १५००डीला, ना डी३५००ला. तशी सोय महागड्या मॉडेलांत असते, आणि तिथेही ती 'शिंतोड्यांपुरती'.

म्हणून डीएसएलआरधारकाने पावसाळी ट्रेक पुढीलप्रमाणे पार पाडावा. कॅमेरा पंच्यात गुंडाळावा. पंचा प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी असल्याने घरात जुनी जाड पिशवी उरली असेल तर ती लोणच्याला न देता यासाठी राखून ठेवावी. पिशवी सॅकच्या तळाशी, तिच्यावर कपडे, त्यावर डबा. सॅकला रेनकव्हर, रेनकव्हरवरून पोंचो. आता धबधबा येईपर्यंत चालावं. धबधबा आला की पोंचो उचलावा, रेनकव्हर काढावं, डबा एकाच्या हातात आणि कपडे दुसऱ्याच्या हातात द्यावेत, पिशवीची गाठ सोडावी. एवढ्यात ढग येतो आणि धबधबा दिसेनासा होतो. सगळं पुन्हा भरावं. ढग जातो. ग्रुपचा लीडर 'चला चला, उतरायला अंधार होईल' म्हणतो. हा क्रम दिवसभर पाळल्यास कॅमेरा संपूर्ण कोरडा घरी परत येतो.

नाणेघाटासाठी वेगळी सूचना. तिथला उलटा धबधबा वाऱ्याने दरीतून वर फेकला जातो. बाजारातलं कॅमेऱ्याचं रेनकव्हर पाऊस वरून पडतो या समजुतीवर शिवलेलं असतं.

ऑटोवर ठेवलेल्या चक्रीचं फळ हरिश्चंद्रगडावर मिळतं. धुक्यात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा फ्लॅश स्वतःहून टुणकन वर येतो. फ्लॅशचा उजेड कोकणकड्यापर्यंत पोचत नाही. तो डोळ्यांसमोरच्या तुषारांवर पडतो आणि फोटोभर पांढरे गोळे उमटतात. कडा दिसत नाही, गोळे दिसतात. हे फोटो काढून टाकू नयेत. गडावरच्या अदृश्य शक्तींचा पुरावा म्हणून ते फॅमिली ग्रुपवर जोरात चालतात.

घरी परतल्यावरही जबाबदारी संपत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवला की लेन्सच्या काचांत बुरशी धरते. बारीक जाळं पसरत जातं आणि एके दिवशी प्रत्येक फोटोवर मलमल पडल्यासारखी दिसते. त्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आणावा. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवावा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या खोलीचं तापमान आणि लेन्सच्या डब्याची आर्द्रता यांपैकी आधी काय तपासलं जातं, यावर घरातलं वातावरण ठरतं.

आता टफधारकाने पावसात काय करावं. खिशातून काढावा, फोटो घ्यावा, खिशात ठेवावा. एवढंच. फक्त लेन्सवर थेंब बसतो तो पुसायला अंगावर एक कोरडा कोपरा लागतो आणि तो तोवर शिल्लक नसतो. त्यामुळे टफच्या पावसातल्या बऱ्याच फोटोंत कुणाच्या तरी नाकाच्या जागी एक धुरकट वर्तुळ असतं. लोक याला 'मूड' म्हणतात.

खोक्यावरच्या बढाया कशा वाचाव्यात

टफच्या खोक्यावर आकडे असतात: १५ मीटर पाणी, २.१ मीटर उंचीवरून पडणं, १०० किलोचा भार, उणे १० अंश थंडी. पैकी उणे १० चा महाराष्ट्रात उपयोग नाही. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येतेच, तेव्हा हा आकडा संभाषणात सोडून द्यावा. २.१ मीटर म्हणजे उंच माणसाच्या हातातून जमिनीपर्यंत. कोकणकडा यात बसत नाही. १०० किलोची चाचणी सोफ्यावर मेव्हण्याकडून करून घेऊ नये, कारण त्यांचं वजन विचारण्याचा प्रसंग येतो.

१५ मीटरचा आकडा मात्र जपून वाचावा. पाणी अडवतं ते बॅटरी आणि कार्डाच्या झाकणांभोवतीचं रबर. त्यावर एक केस किंवा तारकर्लीच्या वाळूचा एक कण अडकला तरी समुद्र आत येतो, आणि आत आलेला समुद्र वॉरंटीत बसत नाही. झाकण किनाऱ्यावर उघडू नये. खोलीवर, हात धुऊन, पुसून, मग उघडावं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर कॅमेरा बंद झाकणानिशी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा. रबर वर्षातून एकदा बदलून घ्यावं. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात तो नेऊ नये. भाविकांची त्वचा सोसते, रबर सोसत नाही. आणि एक गोष्ट दुकानदार सांगायला विसरतो: पाण्यात चालणारा हा कॅमेरा पाण्यावर तरंगत नाही. अडीचशे ग्रॅम वजन सरळ तळ गाठतं आणि तिथेही व्यवस्थित चालू राहतं. म्हणून तरंगणारा, भडक रंगाचा मनगटी पट्टा वेगळा घ्यावा लागतो.

एका बाबतीत मात्र या छोट्या कॅमेऱ्याची थट्टा करायला जीभ रेटत नाही. सप्टेंबरात कास पठारावर जा. तिथे दवबिंदू नावाची एक कीटकभक्षी वनस्पती आहे, ड्रॉसेरा. तिच्या पानांवरचे चिकट थेंब टाचणीच्या डोक्याहून लहान. टफ त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटीमीटरवरचं टिपतो. थेंबात अडकलेली माशी, तिच्या पायाचे केस, सगळं. किट लेन्सला निदान पाव मीटर अंतर लागतं. डीएसएलआरला यासाठी वेगळी मॅक्रो लेन्स लागते, तिची किंमत कॅमेऱ्याच्या किमतीला मान खाली घालायला लावते, आणि तिच्यामागे लोळण घ्यावी लागते ती इतर फुलांवर. टफधारक पायवाटेवर उकिडवा बसून हात पुढे करतो. इतक्या जवळून कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली फुलावर पडते, हे खरं. त्यासाठी लेन्सभोवती बसणारी एक प्रकाशाची कडी मिळते. तीही वेगळीच घ्यावी लागते.

काजव्यांचंही असंच. पुरुषवाडीच्या अंधारात डीएसएलआरवाले ट्रायपॉड रोवून, लांब एक्स्पोजर देऊन, नंतर कॉम्प्युटरवर फोटोंची थप्पी जुळवतात. टीजीमध्ये लाइव्ह कॉम्पोझिट नावाची सोय आहे. जे नवं चमकेल तेवढंच ती आधीच्या फोटोत मिसळत जाते आणि काजवे पडद्यावर एकेक करून भरताना दिसतात. दाणे येतात, ते येणारच. ट्रायपॉड मात्र इथेही हवा. तो आणला नसल्यास दगड वापरावा, पण दगडाला विंचवाबद्दल आधी विचारावं.

पक्षी

भिगवणला टफ नेऊ नये. त्याचा झूम जिथे संपतो तिथून फ्लेमिंगो सुरू होतात. फोटोत उजनीचं पाणी येतं आणि त्यात काही गुलाबी ठिपके. हसू नका, १८-५५ किट लेन्सचीही कथा तीच. तिचा ५५चा आकडा कॅननच्या सेन्सरवर ८८ मिमीच्या दृश्याइतकाच पडतो, म्हणजे टफच्या १०० मिमीहूनही कमी. फरक इतकाच की डीएसएलआरला ५५-२५० किंवा ७०-३०० लावता येते आणि टफला फक्त नावाडी जवळ नेऊ शकतो. नावाड्याने होडी फार जवळ नेली की पक्षी उडतात.

इथपासून डीएसएलआरच्या खर्चाचा दुसरा अध्याय सुरू होतो: दूरची लेन्स, ५०ची लेन्स, ती ठेवायला मोठी बॅग, बॅग ठेवायला कपाटात जागा, आणि जागेसाठी घरात वाटाघाटी.

जेजुरी

सोमवती अमावास्येला जेजुरीत भंडारा उधळला जातो आणि गड पिवळा होतो. झूम पुढेमागे केला की किट लेन्स लांब-आखूड होते आणि प्रत्येक वेळी आत हवा ओढते. त्या दिवशी जेजुरीच्या हवेत हळद असते. घरी आल्यावर डीएसएलआर ब्रशने, फुंकणीने आणि शेवटी दुरुस्तीवाल्याच्या हातून साफ करावा. झूमची कडी वर्षभर करकरत राहते आणि खंडोबाची आठवण देते. टफ नळाखाली धरावा.

गणपती विसर्जनाचा गुलाल, होळी, लहान मुलांचा वाढदिवस आणि केक, या सर्वांना हाच नियम लावावा.

नातेवाईक

डीएसएलआर घेतल्याची बातमी तीन दिवसांच्या आत मावशीपर्यंत पोचते. "तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना रे? मग फोटोग्राफर कशाला सांगायचा?" इथून पुढे साखरपुडा, हळद, बारसं, मंगळागौर, सगळीकडे आपण जेवायच्या पंगतीत नसतो, स्टूलवर उभे असतो. फोटो पेनड्राइव्हवर मागितले जातात. ते दिले की 'यात आत्या कुठेच नाहीत' हा खटला उभा राहतो. लग्नाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये हे काम डीएसएलआर टफपेक्षा कितीतरी चांगलं करतो. बॅटरीही दमदार, डी३५००ची बॅटरी कंपनीच्या मापाने दीड हजारांवर फोटो काढते, तर टीजी-६ची ३४० वर मान टाकते. हा गुण समजावा की दोष, ते तुमच्या मावश्यांच्या संख्येवर अवलंबून आहे.

टफवाल्याला कुणी बोलावत नाही. तो पंगतीत पहिल्या वाढपाला बसतो.

मार्गदर्शिका लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत विचारलंत तर, घरातले कार्यक्रम, माणसांचे चेहरे, पक्षी आणि शिकायची हौस असेल तर डीएसएलआर घ्यावा, पण किट लेन्सवर न थांबता ५०ची लेन्स त्याच दिवशी घ्यावी. बाकी सगळा उत्साह पाऊस, डोंगर, समुद्र आणि पोरं यांच्यामागे धावणारा असेल तर टफ. आरशाला विचारू नका, हेही खरं म्हणजे सांगायला हवं होतं, पण ते वर लिहून झालं आहे.

'मग मोबाइल काय वाईट?' असं विचारणाऱ्यासाठी एकच परिच्छेद. काही वाईट नाही. आयपी६८ लिहिलेला मोबाइलही पाणी सोसतो, फक्त पाणी आत गेल्यावर वॉरंटी बहुधा आपल्या बाजूने नसते, आणि ओल्या बोटांनी पडदा भलतंच काहीतरी उघडतो. धबधब्याखाली उभं राहून कुणाला तरी चुकून व्हिडिओ कॉल लागतो आणि तो नेमका ऑफिसातल्या साहेबांना.

विक्री

आता सुरुवातीला राहिलेला भाग. घेतलेला डीएसएलआर विकायला काढताना जाहिरात अशी लिहावी: 'फक्त घरगुती वापर. बिल, खोकं, पट्टा सर्व शाबूत. अर्जंट.' 'प्रोफेशनली वापरलेला नाही' हे वाक्य घालायला विसरू नये. ते पूर्णपणे खरं असतं. चलाख गिऱ्हाईक शटर काउंट विचारेल, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती वेळा फोटो टिपले तो आकडा. निकॉनच्या बाबतीत तो फोटोच्या फायलीतच लिहिलेला असतो आणि लपवता येत नाही. आकडा लहान निघाला की किंमत वाढवून सांगावी आणि तो इतका लहान का, या प्रश्नाला 'वेळच मिळाला नाही हो' असं उत्तर द्यावं. लेन्स गिऱ्हाइकासमोर उजेडाकडे धरू नये. बुरशी उजेडातच दिसते.

टफ विकताना ही कलाकुसर लागत नाही. कोपरे झिजलेले असतात, लाल रंग उडालेला असतो, चक्रीच्या खाचेत भंडारा असतो. गिऱ्हाईक दोनदा उलटासुलटा करून बघतं, भाव निम्म्याहून खाली पाडतं आणि विचारतं, "चालतो का?" तेव्हा समोरच्या ग्लासातलं पाणी वापरावं. झाकण नीट लागलंय का, ते मात्र आधी बघावं.